लुगड्यावरचा खण

आमच्या गोपाळला खरेदीला पाठवलं की दुकानदाराचं तोंड कडू व्हायचं. बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत मास्तर होता तो, पण बाजारात उभा राहिला की पोलिसच. जोंधळा घ्यायचा तर पोत्याच्या तळाशी हात घालून मूठ काढणार आणि दाणे दाताखाली फोडून बघणार. घागर घ्यायची तर तिथंच पाणी भरून गळते का ते बघत बसणार. मी त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यावर त्याच्याच घरी असायची. त्याच्याबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका पावसाळ्यात वेदगंगा फुगली आणि निपाणीपलीकडचं एक गाव निम्मंअधिक वाहून गेलं. बेळगावात वकील मंडळींनी मदत कमिटी काढली, आणि खरेदीचं काम गोपाळच्या गळ्यात पडलं. त्याच्याइतका चिकट माणूस दुसरा होता कुठं? एका व्यापाऱ्यानं भिजकी घोंगडी वाळवून खपवायला आणली, ती यानं नुसत्या वासावर परत पाठवली. लुगडी तर दलालाला टाळून थेट शहापूरच्या विणकरांकडून उचलली. त्या गावच्या बायका नेसत्या वस्त्रानिशी पुरातून निघालेल्या. तंबाखूची लावण तोंडावर आलेली. लावणीला गेलं तर मजुरी, नाहीतर पोरं उपाशी. पण चिंध्या नेसून बाई चार माणसांत शेतावर जाणार कशी? म्हणून त्यानं लुगडी सगळ्यात आधी घेतली.

बायकांना वाटायला बाईमाणूस पाहिजे म्हणून मला बरोबर नेलं. सगळं गाव शाळेत उतरलं होतं. मी गाठोडी सोडली. नुसती लुगडी. एकावरही चोळीचा खण नाही.

आमच्याकडं सवाशिणीला नुसतं लुगडं कुणी देत नाही, वर खण ठेवतात. नुसतं लुगडं भाऊ घेऊन येतो ते बहिणीचा नवरा गेल्यावर.

"खण कुठायत रे?" मी हळूच विचारलं.

"खणाच्या पैशात आणखी बायकांना लुगडी झाली, आक्का." मोठ्या कौतुकानं सांगत होता शहाणा.

एकही हात पुढं आला नाही. नागुबाई म्हणून गावातली एक वडीलधारी सवाशीण होती, ती तेवढी बोलली. "मास्तर, कापड लई चांगलं हाय. पर हे घिऊन आमी घरधन्याचं वाईट चिंतायचं व्हय?"

कोपऱ्यात मनुबाई दोन पोरांना घेऊन बसली होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत फाटलेलं. पूर आला त्या दिवशी तिचा नवरा बैल सोडायला गोठ्यात गेला होता. बैल पोहत वर आले, तो आला नाही. त्याचं प्रेतही कुठं सापडलं नव्हतं. गोपाळ लुगडं घेऊन तिच्याजवळ गेला तशी ती मागं सरकली.

"हे घेतलं म्हंजी त्यो मेला असं मीच म्हटल्यागत हुतंय," ती म्हणाली. "मी घेत न्हाय."

"अहो, मग लावणीला काय नेसून जाणार? पोरं काय खातील? कापड ते कापड."

गोपाळचा आवाज चढला आणि माझं टाळकं फिरलं. सगळ्यांदेखत म्हटलं, "गोपाळ, मला असलंच आणून दिलं होतंस. विसरलास?"

तो खाली बसला. परत आलेल्या लुगड्यांच्या घड्या घातल्या. मग उठून म्हणाला, "चल आक्का, बेळगावला. खण घेतल्याशिवाय या बायकांना तोंड दाखवायचं नाही."

कमिटीचे प्रमुख वकीलसाहेब म्हणाले, खण म्हणजे चैन, आणि आता पैसेही संपलेत. त्यांचंही चूक नव्हतं. पण आमच्या गोपाळच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. मी म्हटलं, अरे, ओटीत आलेले न शिवलेले खण कुठल्या घरच्या पेटीत नाहीत? बस्स. दुसऱ्या दिवसापासनं टोपी घातलेला मास्तर शहापूरपासून कॅम्पापर्यंत दारोदार चोळीचे खण मागत सुटला. लोक तोंडावर हसायचे. हा हसणाऱ्याच्याच बायकोला विचारायचा, तुमच्याकडचा खण कधी देता? आणि फुकट मागतानाही खोड काही जाईना. उंबऱ्यात उभा राहून प्रत्येक खण उन्हात धरून बघायचा. वकीलसाहेबांच्या बायकोनं, पद्मजाबाईंनी दिलेला खण यानं चक्क परत केला. म्हणे, कसर लागलीय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई भडकल्या, रागारागानं पेटीच उपडी केली, आणि पुढच्या गल्लीत स्वतःच आमच्याबरोबर हिंडल्या.

खण पुरेसे झाले तसे आम्ही परत गावात गेलो. नागुबाई एकेकीला कुंकू लावत होती, पदरात लुगडं घालून वर खण ठेवत होती. बायका आता हसत होत्या, एकमेकींच्या खणांचे रंग बघत होत्या. मी लांब भिंतीला टेकून बसले होते. ओटी भरतात तिथं विधवेचं काय काम?

मनुबाईची पाळी आली आणि नागुबाईचा हात थांबला.

गावचे पाटील म्हणाले, "तिचा दाल्ला सरकारनं मेलेल्यांत धरलाय. तिला नुसतंच द्या."

"प्रेत सापडलं?" गोपाळनं विचारलं.

"न्हाय."

"मग तिचाही खण मी आणलाय."

आणला खरा, पण ओटी तर बाईनंच भरायची. नागुबाई खाली मान घालून म्हणाली, "मला भ्या वाटतंय गं, मनू." दुसरीही कुणी उठेना. त्यांना बोल कशाला लावू? ज्या त्या बाईला आपापल्या कुंकवाची काळजी.

मनुबाईनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग सरळ माझ्यापुढं येऊन पदर पसरला. "आक्का, तुमी भरा."

"अगं, मी विधवा."

"म्हनूनच. माझं कुंकू ऱ्हावं असं तुमच्याइतकं कोण म्हनंल?"

मागं कुणीतरी पुटपुटलं. गोपाळनं तिकडं लक्षच दिलं नाही. लुगडं आणि खण माझ्या हातात देऊन म्हणाला, "भर आक्का. लावणीला उशीर होतोय तिला."

मी लुगडं तिच्या पदरात घातलं, वर खण ठेवला. नागुबाईनं कुंकवाचा करंडा माझ्यापुढं सरकवला. नवरा गेल्यापासनं मी कुंकवाला हात लावला नव्हता. बोट बुडवलं आणि मनुबाईच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. ती आत जाऊन नवं लुगडं नेसून आली आणि पोरांना माझ्याजवळ ठेवून तशीच लावणीला गेली.