शिंपीणमावशी पत्ता सांगत नाही

"आधी हात वर कर, मग बोल," असं शिंपीणमावशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला म्हणायची. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या आणि अर्ध्या गल्लीची मापं तोंडपाठ. कुणाला दिवस गेलेत, हे तिला नवऱ्याआधी कळायचं.

बेकरीवाल्याच्या बायकोचा उजवा हात मात्र खांद्याच्या वर जाईना. मावशीनं दार लोटून तिची पाठ पाहिली, तर ती नवऱ्याच्या मारानं काळीनिळी पडलेली.

पोलीस ठाण्यात जायला ती पोर तयार नव्हती. मग मावशीनंच तिला भरीला घातलं, मठातल्या गुरुजींकडे चल म्हणून. त्यांचे अंगरखे मावशीच शिवायची. हा माणूस म्हणजे पोळलेल्यांना सावली, असं तिचं ठाम मत. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या रीतीप्रमाणे नवऱ्याला बोलावून बायकोचा शब्द न् शब्द त्याच्यापुढे मांडला, दोघांचे हात पवित्र ग्रंथावर ठेवून क्षमा मागायला आणि द्यायला लावली. तंटा मिटला. नवरा तर ढसाढसा रडला. घरी गेल्यावर, माझी अब्रू वेशीवर टांगलीस म्हणून त्यानं तिचं मनगट मोडलं.

मावशीला आपल्याच जिभेची चीड आली. तिनं त्या पोरीला आपल्या नणंदेकडे लपवलं आणि गुरुजींकडे खेटे घातले. एकदा ते उपवासाला बसलेले, एकदा प्रवचनात गुंतलेले. तिसऱ्यांदा म्हणाले, धीर धरा. धीर काय कापडासारखा वाराने मिळतो, असं ती रस्ताभर पुटपुटत राहिली.

अखेर नवा अंगरखा अंगावर चढवून बघायच्या दिवशी ते सापडले. हात पसरून उभे राहिले नि म्हणाले, नवरा पस्तावलाय, बाहेर पायरीवर बसलाय. ती कुठे आहे तेवढं सांगा, पुन्हा दोघांना समोरासमोर बसवतो.

"बसवता तुम्ही दोघांना, गुरुजी. मार एकटीला बसतो."

"आम्ही क्षमाच शिकवणार, बाई."

"मग मारू नको, हे त्याला कोण शिकवणार?"

गुरुजींनी खिडकीतून पायरीकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "संसार मोडल्याचं पाप तुमच्या माथी येईल. पत्ता सांगा."

"येऊ दे. पत्ता नाही सांगणार."

तिनं बाहीच्या टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या, कात्री पिशवीत टाकली. पायरीवरचा नवरा धडपडत उठला. त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता ती फाटकाबाहेर पडली. एक बाही लोंबत असलेले गुरुजी खिडकीतून तिला बघत राहिले.