यलो ऑकरची वाट

गावांचे नकाशे मी चाळिशीनंतर काढायला लागले. सुरुवातीला फोनवरचा नकाशा बघून गिरवायचे. ते कोणाचेही वाटत. मग चालत जाऊन, पावलं मोजून, जागेवरच पेन्सिलीने काढू लागले आणि हळूहळू माझं म्हणून काही ठरत गेलं. खाडी निळी नाही, गढूळ तपकिरी. घरं समोरून, झाडं वरून. वाटा यलो ऑकरच्या, म्हणजे मातकट पिवळ्या, आणि कधीच सरळ नाहीत. सरळ रेघ कागदावर मेलेली दिसते, म्हणून प्रत्येक वाटेला मी एखादं वळण द्यायचे. लोक त्या वळणांवरून माझं काम ओळखायला लागले.

रेवदंड्याच्या पुढच्या एका गावात एका वहिनींचा होमस्टे आहे. त्यांच्या पडवीच्या भिंतीवर मी गावाचा मोठा नकाशा रंगवला. कच्चं काम अमावास्येच्या सकाळी केलं, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटी फार लांब जाते आणि किनारा सगळा दिसतो. त्या दिवशी समुद्रातल्या देवीच्या खडकापर्यंत रेती उघडी पडली होती. मी चालत गेले, चालत आले. नाकासमोर, सरळ. भिंतीवर ती वाट रंगवताना मध्यावर डावीकडे मोठा बाक दिला. रिकाम्या रेतीत तो छान दिसला. ही वाट महिन्यातून चार-सहा दिवसच असते आणि तीही तासाभरापुरती, हे लिहायचं मला सुचलं नाही. गावात ते कोणाला सांगावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात भिंतीचा एक कोपरा ओलीने फुगला म्हणून रंग घेऊन गेले. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी साडेआठला वहिनी दारातच उभ्या.

"पुण्याचा पाहुणा नकाशा बघून खडकावर गेलाय. सात वाजता, एकटाच. फोन इथेच चार्जिंगला."

मी किनाऱ्यावर धावले. धुकं उतरलं होतं, खडक दिसत नव्हता. वारा पडलेला. पाणी अजिबात आवाज न करता चढत होतं. बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी मावशी माझ्यामागे आली.

ओल्या रेतीत एकाच माणसाची पावलं होती, फक्त जातानाची. ती बरीच सरळ गेली आणि मग मोकळ्या, सपाट रेतीत काही कारण नसताना डावीकडे वळली. बाक माझ्या भिंतीवरचा होता. तेवढाच. त्याच्या पलीकडे पावलं पाण्यात शिरली होती.

तो परत आला नाही तर माझ्या रंगाने गेला, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

मावशीने लेकाला होडी काढायला हाक मारली. मग पावलांकडे बघून म्हणाली, "सरल न्हाय गेला ता बरा झाला. मधी रुतन हाय. बैल गेलाय तिथं, गाडीसकट."

"मी सरळच गेले होते, मावशी."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. "तुला वाटला असंल, बाय. सगल्यांना तसाच वाटतं."

"मग कुठे वळायचं ते कोण सांगतं?"

"कोन सांगंल? पाय जातान."

होडी धुक्यात गेली. वल्ह्याचा आवाजही लवकरच थांबला. आम्ही दोघी मागे सरकत राहिलो, कारण पाणी पुढे येत होतं आणि पावलं एकेक करून पुसली जात होती. मी ती मोजत होते. शेवटची गेल्यावर मोजायला काही उरलं नाही.

अर्ध्या तासाने होडी आली. पाहुणा मध्ये बसलेला, कमरेपर्यंत भिजलेला.

पडवीत त्याच्या हातात चहा दिल्यावर मी विचारलं, "मध्येच डावीकडे का वळलात? नकाशात वळण होतं म्हणून?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. "वळण आहे होय? मी फक्त खडकाचं चित्र पाहिलं होतं. आणि मी कुठे वळलो? तेव्हा धुकं नव्हतं, खडक समोर दिसत होता. नाकासमोर गेलो."

चहा संपायच्या आत मी खाडीचा तपकिरी कालवला आणि ती वाट झाकली.

"अहो, लोक तिचेच तर फोटो काढतात," वहिनी म्हणाल्या.

"दुसऱ्या कशाचे काढतील," मी म्हटलं आणि रंगाचा दुसरा हात दिला.

वाटांना मनाचं वळण देणं मी त्या दिवशी सोडलं. आता रेतीत किंवा शेताडीत चालून आले की आधी मागे वळून स्वतःची पावलं बघते, मग पेन्सिल टेकवते. मला आठवत असतं तशी ती क्वचितच असतात.