करवंदाची कँडी आणि गुरुजींचा हातरुमाल

फ्रीजरमधला बर्फ कितीही खरवडून काढा, दोन दिवसांत पुन्हा तेवढाच जमलेला! आमच्या कँडीच्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून संपवावा, तर मागे दुसरा जमलेलाच असतो.

दोन हजारनंतरची, भारनियमनाची ती वर्षं. आमचं गाव खर्डीपासून रिक्षाच्या अंतरावर. मी नुकतीच बी.ए. होऊन घरी बसले होते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. शाळेच्या फाटकाबाहेर एक सायकलवाला बर्फाच्या लाल-हिरव्या कांड्या विकायचा. पोरांचे घसे बसले आणि मोठ्या गुरुजींनी, म्हणजे हेडमास्तरांनी, फर्मान काढलं, "शाळेच्या आवारात गार काही आणायचं नाही!"

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष सुमनकाकू पेटल्या. "रंग नाय, सॅकरीन नाय. आपल्या रानातली फळं. आमी करू!" मंडळ म्हणजे तरी कोण? काकू, डोंगरावरच्या पाड्यावरून फळं आणणारी गुलाबबाय आणि 'शिकलेली आहे' म्हणून ओढलेली मी. खरं कारण हे, की फ्रीज आमच्या घरी होता.

गुरुजींशी बोलायला अर्थातच मला पुढे ढकललं. गुरुजी म्हणाले, "फळाचा असला तरी बर्फ तो बर्फच." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "एक मेला, निकालाच्या दिवशी, आम्ही सगळ्या पोरांना कँडी फुकट वाटतो. आधी तुम्ही तपासा. पसंत नाही पडली, तर हे काम कायमचं बंद!"

स्वतःच्याच आवाजाने मी दचकले. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "गो पोरी, नवस बोलल्यासारखी बोललीस. आता फेडाया लागंल!"

*

पहिली अडचण काड्यांची. कँडी धरायची कशाने? काकू म्हणाल्या, "काड्यांचं माज्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी रायवळ आंब्याची पहिली कँडी तयार झाली. स्टीलच्या पेल्यातून अलगद सुटली, रंग सुंदर. आम्ही तिघींनी एकदमच चाटली आणि तिघींनी एकदमच हुंगली. आंब्याला मोगऱ्याचा वास!

काकूंनी देवघरातल्या वर्षभराच्या उदबत्त्यांच्या काड्या धुऊन आणल्या होत्या.

गुलाबबायने कँडी उलटसुलट करून पाहिली. "काकू, खायाची का ओवाळायची?"

त्या संध्याकाळीच तिने बांबू तासून दोनशे काड्या करून दिल्या.

*

मग करवंदं. त्या वर्षी ती लवकर काळी झाली होती. चीक जाईपर्यंत धुवायची, कुस्करायची, गाळायची, गूळ आणि चिमूटभर मीठ घालायचं. रस असा गर्द लाल, की बघत राहावं.

एका दुपारी वेळापत्रकात नसलेलं भारनियमन झालं. मी आतल्या खोलीत झोपले होते. उठून स्वयंपाकघरात येते तर फ्रीजच्या दारातून लाल ओघळ, फरशीवर लाल थारोळं! मी अशी किंचाळले, की शेजारच्या वहिनी लाटणं घेऊन धावत आल्या. थारोळं पाहिलं आणि त्या दारातच मटकन बसल्या. "कोणाचं गो? कोणाचं?"

तेवढ्यात करवंदांची पाटी घेऊन गुलाबबाय आली. पाटी शांतपणे खाली ठेवली, वाकली, थारोळ्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

"मीठ कमी हाय."

वहिनी त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे चहाला आल्या नाहीत.

*

बाबांना डायबेटिस. त्यांच्यासाठी गूळ न घालता पपईची कँडी वेगळी केली होती. ती तशीच राहायची आणि करवंदाच्या मात्र रोज एक-दोन कमी व्हायच्या.

"बाबा, तुम्ही खाता का?"

"मी? मला गोड चालतं का? उंदीर असेल."

"फ्रीजरमध्ये?"

"हल्लीचे उंदीर!" असं म्हणून बाबा हसले, आणि जीभ दिसली. जांभळी! करवंदाचा रंग दोन दिवस जात नाही. आईने भिंतीवरचा आरसा काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

बाबा आरशात बघून म्हणाले, "गूळ जरा कमी कर. बाकी जमलंय."

*

रंगीत तालीम म्हणून आम्ही भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत गेलो. तिथे एका साहेबांच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. पन्ह्याऐवजी आमची कैरीची कँडी ठेवायची ठरली होती. बायकांनी काड्या उचलल्या, तेवढ्यात साहेबांच्या मिसेसनी विचारलं, "पाणी कुठलं वापरता हो? फिल्टरचं ना?"

सगळ्यांचे हात तोंडाशी थांबले. मी "अहो, म्हणजे..." करत घाम पुसायला लागले. आमच्या गावात चैत्रापासून टँकर. खिडकीतून समोर धरण दिसतंय, काठोकाठ नसलं तरी चांगलं भरलेलं.

काकूंनी पदर खोचला. "ह्या धरणाचं पाणी फिल्टर होऊन मुंबईला जातं बाय! आमी टँकरचं घेतो. दोनदा गाळतो, वीस मिनटं उकळतो. इतकं शुद्ध पाणी तुमाला तुमच्या धरणातबी मिळणार नाय!"

मिसेसनी तीन कँड्या खाल्ल्या. निघताना विचारलं, "पुन्हा कधी आणाल?"

"एक मेला गुरुजी काय म्हणतात बघू," काकू म्हणाल्या.

*

आणि एक मे उजाडला. पहाटेपासून वीज नाही! मी म्हटलं, "संपलं. गुरुजींना सांगून येते." काकूंनी माझा हात धरला. "बोललीस ना? मग आता वितळलं तर वितळलं, पण शाळेत जाऊन वितळलं पायजे!"

त्यांच्या लग्नातली पत्र्याची पेटी काढली. गुलाबबायने तिच्यात भाताचं तूस दाबून भरलं, मध्ये कँड्यांचा डबा, भोवती शहापूरहून जीपने आलेला बर्फ आणि खडेमीठ, वरून पुन्हा तूस. मी भीतीपोटी कँड्या तीनदा मोजल्या होत्या. शहाण्णव.

झेंडावंदन होईपर्यंत पेटी गुरुजींच्या खोलीत ठेवली. ती खोली सगळ्यांत गार. आणि किल्ली गुरुजींच्याच खिशात, म्हणजे काळजी नाही.

झेंडावंदन झालं. पेटी व्हरांड्यात आली. पोरं रांगेत, पालक मागे. मी तूस बाजूला केलं, झाकण उघडलं. एकही वितळली नव्हती! पुन्हा मोजल्या. ब्याण्णव. करवंदाच्या चार गायब!

"चार कमी आहेत," मी पुटपुटले.

गुरुजींनी तोंडाला हातरुमाल लावला होता. रुमालाआडूनच ते कडाडले, "चोरी? माझ्या शाळेत? चोर सापडल्याशिवाय एकही कँडी वाटायची नाही! सगळ्यांनी जिभा दाखवा!"

काकूंचा चेहरा पडला. रांग पुढे सरकू लागली. पहिलीपासून सातवीपर्यंत जिभा बाहेर येत होत्या. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. एका मुलीने तर पार पडजीभ दाखवली. रांग संपली. शिक्षकांनीही हसत हसत दाखवल्या. गुलाबी.

गुलाबबाय मघापासून गुरुजींच्या रुमालाकडे बघत होती. तिने मला कोपराने ढोसलं. "तू बोल. शिकलेली हायेस."

तीन आठवड्यांचं काम समोर पेटीत होतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुमची राहिली."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग रुमाल खिशात घातला, तोंड घट्ट मिटलं, निकालाच्या टेबलावरचा शाळेचा कागद ओढला, त्यावर 'परवानगी आहे' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला.

त्या वर्षी निकालाच्या दिवशी गुरुजींचं भाषण झालं नाही.