न्हाणीतली गुंतवळ

पहिली मुलगी चार महिन्यांची झाल्यावर मी माहेरून, कल्याणहून, डोंबिवलीला सासरी परतले आणि माझे केस गळायला लागले. कंगवा नुसता लावायचा अवकाश, मूठभर केस हातात! गुडघ्यापर्यंत केस होते माझे, आणि त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू? न्हाणीत गुंतवळीचा गोळा दिसला की मी तो कागदात गुंडाळून कोणाला दिसू न देता टाकून यायची.

पण चाळीत काय लपतंय! एकीने विहिरीच्या मचूळ पाण्याला दोष दिला, दुसरीने दृष्ट काढली, तिसरीने माक्याचं तेल आणून दिलं. सासूबाई रोज ते डोक्यावर थापायच्या. उश्या तेलकट झाल्या, केस गळतच राहिले.

यजमानांच्या आत्या आमच्याकडेच असत. चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि त्यांना न्हाव्यापुढे बसवलं. तेव्हापासून लाल आलवण, डोक्यावरून पदर, आणि दर पंधरवड्याला न्हावी. अख्खं घर त्यांच्या हातावर चालायचं. फक्त सवाष्णीच्या केसांना तो हात चालत नसे. मलाही त्यात कधी काही खुपलं नाही, एवढी मी मठ्ठ.

एका सकाळी आरशात भांग बोटभर रुंद झालेला दिसला आणि मी हंबरडाच फोडला. "टक्कल पडलं तर मी जगू तरी कशी!"

आत्याबाई शेजारीच ताक घुसळत होत्या. मी जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. त्यांची रवी थांबलीसुद्धा नाही.

"मी जगलेच की गं," त्या म्हणाल्या. "रडून झालं असेल तर लुगडं बदल. डॉक्टरणीकडे जाऊ."

आलवणातल्या आत्याबाई मला घेऊन कल्याणला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. म्हणाल्या, बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतातच, बहुतेकींचे परत येतात, पण हिच्या अंगात रक्त कमी आहे. मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "ही सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलंसुरलं. सोमवार, शुक्रवार उपास. वर मुलीला अंगावर पाजते."

माझं ताट रोज कोणीतरी बघत होतं!

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सुनावलं, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पोट रिकामं आणि तुम्ही तेल डोक्यावर ओतताय." त्या दिवसापासून उपास बंद, डॉक्टरणीच्या लोहाच्या गोळ्या सुरू, आणि पहिल्या पंगतीला पुरुषांबरोबर मी. सासूबाईंचं तोंड आठवडाभर फुगलेलं होतं. पालेभाजी, खजूर, अळिवाचे लाडू; आत्याबाई समोर बसून खायला लावायच्या. अशी करारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

सहा महिन्यांनी कपाळावर बारीक लव उगवली. गळणं थांबलं. केस गुडघ्यापर्यंत काही परत गेले नाहीत, कमरेपाशी थांबले. पुढे एका दिवाळीत न्हाऊन झाल्यावर मी कंगवा घेऊन आत्याबाईंच्या पुढ्यात पाठ करून बसले.

"वेणी घाला."

"अहो वन्सं, सणासुदीचं..." सासूबाई दारातून म्हणाल्या.

"नको गं पोरी," आत्याबाईही म्हणाल्या. "तुझं सौभाग्य..."

"ते काय वेणीत अडकलंय? घाला म्हणते ना!"

मग केसांत त्यांची बोटं आली. तीन पेड केले, गुंतले, सोडले. पुन्हा केले, पुन्हा सोडले. ज्यांच्या हातांना घरातलं कुठलंच काम अडत नसे, त्यांना वेणी घालता येत नव्हती. मी मान ताठ धरून बसले, कारण हलले असते तर दोघीही रडलो असतो.

चौथ्या खेपेला जमली. वाकडी, सैल. मी दोन दिवस सोडली नाही.