झारी कुलपात, मावशी बाहेर

ज्या हातांनी सव्वीस वर्षांत एकाही रोपाला तहानलेले ठेवले नाही, त्या हातांना एके सकाळी सांगण्यात आले, की आता पाणी घालायचे नाही!

शेतीसंशोधन केंद्राच्या काचघरात ही बाई रोपांना पाणी घालते, म्हणून लहानथोर तिला झारीमावशी म्हणतात. बुडाला दोनदा डाग दिलेली तिची ती झारी. ती कमरेवर घेऊन मावशी निघाली, की आई लेकरांत निघाली असे वाटावे. आणि रोपेही अशी डोलावीत, जणू हाक ओळखली!

"मावशी, मिरचीच्या कुंड्यांच्या या दोन रांगांना नऊ दिवस ताण द्यायचाय," संशोधक ताई म्हणाली.

"माणसांना देऊन उरला का गं, म्हणून आता रोपांनाही?"

ताई हसली. बाग फुलावी म्हणून माळी पाणी तोडतात, तोच हा ताण, हे मावशीला ठाऊक होते. पण तो दुसऱ्यांनी द्यायचा असतो, असा तिचा समज होता. ताईने समजावले : दोहोंतल्या एका रांगेवर आधी शेवग्याच्या पानांचा रस फवारायचा, एक भाग रसाला तीस भाग पाणी. त्या पानांत निसर्गाने अशी द्रव्ये भरून ठेवली आहेत, की ती पानाचा हिरवेपणा टिकवतात, तहान आणि ऊन सोसण्याचे बळ देतात. ती मिरचीलाही तारतात का, एवढेच पाहायचे.

मावशीने पाने खुडली, वाटली, फडक्यातून गाळली, रस फवारला. मग स्वतःच्याच मनाचा भरवसा नसल्यामुळे झारी कोठीच्या कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली ताईच्या हाती दिली. बाकीच्या रोपांना तोवर रखवालदाराने पाणी घालायचे ठरले.

"मी मागितली तरी देऊ नकोस. पाया पडले तरी नको!"

चौथ्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरेना. केंद्राचा ट्रॅक्टर चालवणारे तिचे यजमान म्हणाले, "मी तापानं फणफणलो होतो, तेव्हा बरी पोटभर जेवलीस!"

"तुम्हाला पाणी मागता येत होतं!"

नववा दिवस उजाडला. न फवारलेल्या रांगेने माना टाकल्या होत्या. आणि फवारलेली रांग? ताठ! केंद्राचे मोठे साहेब आले, त्यांनी पाहिले आणि ते गालात हसले.

"मावशी, राहवलं नाही ना?"

ताईचा चेहरा उतरला. मावशीने पाणी घातले असे ठरले, तर ताईचे दोन वर्षांचे काम मातीत आणि सव्वीस वर्षांचा मावशीचा शब्दही मातीत.

"साहेब, झारी कुलपात आहे," मावशी म्हणाली.

"ओंजळ तर कुलपात नव्हती?"

"रडली असेल साहेब," दारातून रखवालदार म्हणाला, "तेवढ्यानंच भिजली असतील!"

साहेबांनी कुंड्या काट्यावर चढवल्या. आणि काय सांगावे, ताठ रांगेची कुंडीन् कुंडी जड भरली! साहेबांनी भुवया उंचावल्या. मावशी काट्याजवळ सरकली. आणि तिला आठवले, की ताई रोज सकाळी याच काट्यावर प्रत्येक कुंडी तोलत असे.

"पोरी, तुझी वही आण. आजचं नको, रोजचं वाच!"

ताई वाचू लागली. दोन्ही रांगांचे वजन पहिल्या दिवशी सारखे. पुढे न फवारलेल्या रांगेचे भराभर उतरलेले, फवारलेल्या रांगेचे सावकाश उतरलेले. पण चढलेले एकदाही नाही.

"पाणी घातलं असतं तर एक तरी दिवस काटा वर गेला असता ना? मी पाजलं नाही साहेब. होतं तेच माझ्या पोरी पुरवून पुरवून प्यायल्या!"

साहेबांनी वही दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि भर काचघरात हात जोडले. "मावशी, चुकलो."

"ते राहू द्या. ताण संपला का, ते सांगा!"

"संपला!" ताईने किल्ली उंच फेकली. ती रखवालदाराने झेलली, कुलूप उघडले, झारी निघाली, आणि पदर खोचून मावशी धावली ती थेट माना टाकलेल्या रांगेकडे. पाणी मातीत चुरचुरत शिरू लागले. ताई हसत होती, रडत होती, बादल्या भरत होती. साहेब एक बादली धरून नुसतेच उभे राहिले, घालावे कशाने?

"अहो, ओंजळीनं घाला साहेब," मावशी ओरडली, "ती कुठं कुलपात होती!"