उन्हातला जाळ

वन्सं गेल्याची बातमी घेऊन डोंबिवलीहून दामलेबाई स्वतः ठाण्याला आल्या. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, इंदू. आणि दामलेबाई त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. बाई दारातच उभ्या राहिल्या, पाणी घेतलं नाही, टेकल्या नाहीत. "दुपारी केशवरावांच्या खुर्चीत बसलेल्या होत्या हो, खिडकीशी, उन्हात. हाक मारली तर ओ देईनात. मी आधी पेंढा धरला... पेटला नाही, मग हात लावला." दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच म्हटलं असतं. मी मात्र विचारलं, "बराच वेळ धरला होतात ना?" त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघी रडलो.

याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे लोक हळूच विचारतात, इंदूताईंच्या दाराला तो गवताचा जुडगा कसला हो टांगलेला? काहींना वाटतं दृष्ट लागू नये म्हणून, काहींना वाटतं करणी. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहूनच टाकते.

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या मोटारसायकली लिलावात निघाल्या. वन्संचे यजमान केशवराव ठाण्यात मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात होते. त्यांनी एक गाडी आणली, आणि त्यांच्यासारखेच आणखी काही वेडे जमले. कल्याणच्या पलीकडे लढाईत विमानांसाठी बांधलेली सिमेंटची धावपट्टी ओस पडली होती. रविवारी तिथे शर्यती सुरू झाल्या. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं आणि पाव मैल नाकासमोर जायचं, बस्स. एवढ्यासाठी आठवडाभर हात काळे करून घ्यायचे! गाडीत पेट्रोलऐवजी स्पिरिट घालायचे. त्याने इंजिन थंड राहतं आणि जोर चढतो म्हणे. त्यात ते दारूबंदीचे दिवस. जमादार डब्यांचा वास घेत धावपट्टीभर फिरायचा, आणि केशवराव झिंगल्याची नक्कल करत त्याच्या मागून चालायचे. नकला करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही पोट धरधरून हसायचो. पुढे जे झालं ते आम्हाला हसायची सवय होती म्हणूनच झालं, असं मला वाटतं.

स्पिरिटचा जाळ उन्हात दिसत नाही. हे स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. स्टोव्हच्या वाटीत स्पिरिट घालावं, काडी लावावी, आणि खिडकीतून ऊन येत असेल तर पेटलं की नाही कळतच नाही. बोट भाजलं की कळतं. पण स्टोव्हपाशी ठाऊक असलेली गोष्ट धावपट्टीवर आठवते कुणाला! त्या दिवशी टळटळीत दुपार होती. शर्यत जिंकून केशवराव पट्टीच्या टोकाला थांबले, उतरले आणि नाचायला लागले. मांड्यांवर थापा मारत, गिरक्या घेत, मग थोडं पुढे धावत जाऊन सिमेंटवर गडबडा लोळण. अंगात तेव्हा नवलाईचा असलेला नायलॉनचा शर्ट होता. लोक हसले, शिट्ट्या झाल्या. वन्संही हसल्या. पदर तोंडाला लावून मला म्हणाल्या, "बघ गं सुमन, लाज म्हणून नाही ह्यांना." जाळ नाही, धूर नाही... फक्त त्यांच्या अंगावरची हवा तापल्या तव्यावर हलते तशी हलत होती. आणि मग तो शर्ट आपोआप लहान व्हायला लागला. हसणं एकेक करून थांबलं. पार मागे कुणीतरी मात्र अजून टाळ्या वाजवत होतं. त्या टाळ्या मला अधूनमधून ऐकू येतात.

केशवराव इस्पितळातच वारले. वन्सं फारशा रडल्या नाहीत. वर्षश्राद्ध झालं आणि आमच्या ह्यांनी केशवरावांची ती गाडी दुरुस्तीला काढली. सासूबाईंनी अन्न सोडलं, मी माहेरी जायची धमकी दिली. पालथ्या घड्यावर पाणी. एकट्या वन्सं गप्प होत्या. एका दुपारी त्या अंगणात आल्या, गाडीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाना, जा. पण मी सांगेन ते घालून, आणि मी हो म्हटल्यावर."

"म्हणजे? ताई, तू तिथे येणार?"

"मी नाही आले तर तू परत कसा येशील?"

झालं. तेव्हापासून धावपट्टीवर वन्संचं राज्य. नायलॉनचा रुमालसुद्धा खिशात चालायचा नाही. घोंगडीचा डगला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, खाली लोकरीचे मोजे, कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे, डोक्याला चामड्याची टोपी. डगले माझ्या मशीनवर शिवले. सुया किती मोडल्या ते माझं मला ठाऊक. शिवून झाले की मिठाच्या पाण्यात बुडवून पांढरा खार येईपर्यंत वाळवायचे, कारण स्पिरिटच्या जाळाला मीठ लागलं की तो पिवळा होतो आणि दिसतो. दिवसा स्टोव्ह पेटवताना आम्ही वाटीत मिठाची चिमूट टाकायचो ती त्यासाठीच. शिवाय पाण्याची पिंपं आणि भिजवलेली कांबळी पट्टीच्या टोकाला तयार. पेट्रोलचा जाळ पाण्याने पसरतो, स्पिरिटचा विझतो. आणि शेवटचा नियम असा, की थांबलेल्या गाडीकडे कुणी धावत जायचं नाही. आधी वन्सं जाणार, काठीच्या टोकाला बांधलेलं काहीतरी सुकं पुढे धरून. ते पेटलं, तर तिथे जाळ आहे. पहिल्यांदा त्यांनी केरसुणीच बांधली, तर सासूबाई कडाडल्या, "लक्ष्मी जाळायला निघालीस का गं?" मग भाताचा पेंढा आला. डोंबिवलीत वन्संच्या घराच्या चहूबाजूंनी शेतं, पेंढ्याला काय तोटा!

पोरं थट्टा करायची, इंदूताई ओवाळायला आल्या म्हणायची. कोलशेतचा गणपत, त्याच्या घरची मिठागरं होती, तो सगळ्यात मोठ्याने कुरकुरायचा. "इंदूताय, या उनात कांबला घालून मानूस शिजंल ना!"

"शीज," वन्सं म्हणाल्या. "शिजलेला माणूस घरी तरी जातो."

गणपत तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पण त्याने डगला घातला. पुढे मिठाची गोणीही तोच आणून टाकायला लागला. कुणी डगला काढून सुटायला बघितलंच, तर वन्सं सरळ त्याच्या गाडीपुढे मांडी घालून बसत. विधवा बाई अशी रस्त्यात बसली की कुणाची गाडी पुढे जाते? मला कौतुकही वाटायचं आणि भीतीही. माझा नवरा जगतो की नाही हे त्या काठीच्या टोकावर होतं, आणि काठी ज्यांच्या हातात होती त्यांच्या डोळ्यांत काहीच दिसायचं नाही.

आणि तो रविवार आलाच. ह्यांची गाडी टोकाला थांबली, हे उतरले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. वन्संनी तसंच पढवलं होतं, चटका जाणवला तर नाचायचं नाही, पळायचं नाही, हात वर करायचे. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. गाडी स्वच्छ, माणूस स्वच्छ, कुठे काही नाही. वन्सं पेंढा पुढे धरून निघाल्या. मागे ओलं कांबळं घेऊन मी, आणि पाण्याची बादली घेऊन गणपत. एवढी माणसं तिथे, पण मला फक्त वन्संच्या वहाणा ऐकू येत होत्या. गाडी अजून चार हात लांब असेल, आणि पेंढा पेटला. रिकाम्या हवेत पेटला. त्याच क्षणी ह्यांच्या डगल्याच्या काठाला एक पिवळी रेघ उमटली आणि वर चढायला लागली. मी कांबळं टाकलं, गणपतने पाणी ओतलं. घोंगडीने तेवढा वेळ दिला होता. पोटरीवर वीतभर डाग राहिला, पाय थोडा लंगडा झाला, बाकी माणूस माझा मला मिळाला.

मी ह्यांना धरून तिथेच बसले, रडत. वन्सं मात्र थांबल्या नव्हत्या. काठीला दुसरा पेंढा बांधून त्या पुढे चालल्या होत्या, जिथे केशवराव लोळले होते त्या जागेकडे. तिथे गाडी नव्हती, माणूस नव्हता, नुसतं सिमेंट. पेंढा पेटला. वन्संनी ओच्यातलं मीठ मूठ भरून फेकलं, आणि पिवळा जाळ दिसायला लागला... आडव्या पडलेल्या माणसाएवढा लांब. गणपत बादली उचलून धावला, तसा वन्संनी हात आडवा केला.

"राहू दे रे. मागच्या वेळी कुणाला दिसलंच नाही. आज बघू देत सगळ्यांना."

आम्ही सगळे बघत उभे राहिलो. मग तो पिवळा रंग ओसरला. जाळ विझला असं मी लिहीत नाही, कारण वन्सं तसं कधी म्हणाल्या नाहीत. आमचे हे आजवर म्हणत आले, "सांडलेलं स्पिरिट उतारावरून ओघळत तिथवर गेलं. त्यात काय एवढं!" असेल तसं. पण त्या दिवसानंतर ह्यांनी गाडीला हात लावला नाही, आणि मी कधी कारण विचारलं नाही.

शर्यती पुढे बंद पडल्या. वन्संचा पेंढा मात्र सुटला नाही. डोंबिवलीच्या त्यांच्या खोलीला दुपारचं ऊन खिडकीतून थेट केशवरावांच्या खुर्चीवर यायचं. दाराच्या चौकटीला खिळा, खिळ्याला जुडगा. ऊन असेल तर आधी पेंढा पुढे धरायचा, मग आत पाऊल टाकायचं, हा नियम सगळ्यांना. दामलेबाईंनाही, मलाही. खुर्चीत त्या स्वतः कधी बसल्या नाहीत. रोज दुपारी तिच्यावर पेंढा धरून उभ्या राहायच्या. मी पटकन हात मागे घेतला तर रागवायच्या, "थांब गं, लगेच काढू नकोस." एकदा मी न राहवून म्हटलं, "वन्सं, अहो इथे काय असणारे?" तर खुर्चीवरची नजर न काढता म्हणाल्या, "ऊन आहे म्हणून दिसत नाही. विझेल त्या दिवशी बसेन मी." मला पुष्कळ वाईट वाटलं. कारण एवढी वर्षं ही बाई रोज दुपारी नवऱ्याला विझवायला उभी राहत होती, आणि आम्ही त्याला ताईचं खूळ म्हणत होतो.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं खोली आवरायला डोंबिवलीला गेलो. पोचायला दुपार झाली. दामलेबाईंनी किल्ली दिली आणि त्या मागच्या मागे परतल्या. दार उघडलं तर ऊन खुर्चीवर आलेलं. गादीवर वन्संच्या बसण्याचा खोलगटपणा अजून तसाच होता. मी उंबऱ्याशी थबकले. ह्यांच्याकडे बघायचं टाळलं. म्हटलं, आता हसतील.

ह्यांनी खिळ्यावरचा जुडगा काढला. तो हात लांब करून पुढे धरला, लंगडत्या पायाने एकेक पाऊल टाकत खुर्चीपाशी गेले आणि गादीवर पेंढा धरून उभे राहिले. बराच वेळ. मी बाहेरच उभी होते.

मग ते मागे न वळता म्हणाले, "विझलंय. ये आत."