दोन बोटांचा क्लच

काकांनी क्लचची लिव्हर दोन बोटांनी ओढायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "गाडीक काय एक झालेला नाय. तुझो हात बिघाडलो हा."

चिंचपोकळीच्या पुलाशेजारी काकांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि आमच्यासारख्यांच्या म्हाताऱ्या मोटारसायकली. नोकरीची गिरणी बंद पडल्यावर काकांनी पाने हातात घेतले ते घेतलेच. माझी गाडी वडिलांची. ती चालू ठेवण्यात शहाणपणा नाही हे मला कळतं, तुम्ही सांगायला नको.

काकांचा उपचार साधा होता. स्वतः मागच्या सीटवर बसत आणि चालवणाऱ्याची बोटं क्लचवर रेंगाळली की मागून चापट मारत. बँकेतल्या एका साहेबांनी प्रभादेवीपर्यंत अशा चापट्या निमूटपणे खाल्ल्या. घरी त्यांना कोणी 'अहो' म्हणायचंही धाडस करत नसे.

पण शेवटच्या दोनेक वर्षांत काकांच्याच बोटांतला जोर गेला. ते त्यांना कळलं नाही. प्रत्येक लिव्हर त्यांना घट्ट लागायची. मग ते क्लचचं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगचे नट सैल करत. त्यांच्या दोन बोटांना लिव्हर मऊ लागली की काम झालं. स्प्रिंगा सैल पडल्या की क्लचच्या प्लेटी घसरणारच. पुलावर माझी गाडी नुसती ओरडायची. एकदा पाववाल्याच्या सायकलने मला मागे टाकलं, वर त्याने वळून पाहिलं.

सांगणार कोण? मुलगा त्यांना बदलापूरला बोलावत होता. त्यावर काकांचं एकच उत्तर, "हात चालता तवसर खंय जाणार नाय." हात चालत नाही हे सांगणं म्हणजे त्यांच्या हातात बदलापूरचं तिकीट ठेवणं. मग मी गुपचूप प्रभादेवीला दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. तिथे बाकावर बँकेतले साहेब बसले होते. शेजारी काकांची आणखी दोन गिऱ्हाइकं. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

पुढे हे अंगवळणी पडलं. काकांकडून निघालो की प्रभादेवीला नट आवळून घ्यायचे. परत काकांकडे जायचं असलं की आधी तिथेच सैल करून घ्यायचे. पन्नाशीतले संसारी पुरुष आम्ही, आणि उद्योग हे.

त्या सोमवारी क्लचची वायर तुटली ती नेमकी काकांच्या दारात. नट सैल करून घ्यायला प्रभादेवी गाठायची सवड नव्हती. काकांनी नवी वायर घातली, दोन बोटांनी लिव्हर ओढली. हलेना. सगळी बोटं लावली. तरी हलेना. त्यांनी झाकण उघडलं आणि नटांवरचे परक्या पान्याचे ओरखडे पाहिले.

"ह्या कोणी आवळल्यान?"

"मीच, काका."

मला घरातला नळसुद्धा दुरुस्त करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "ओढ बघूया."

मी ओढली. दोन बोटांनी, सहज. जरा तोंड वाकडं करावं, 'फार घट्ट आहे हो' म्हणावं, एवढं साधं नाटक मला सुचलं नाही. दोन वर्षं लबाडी करून ऐन वेळी मी प्रामाणिक निघालो. त्याची मला अजून लाज वाटते.

काका माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग स्वतःचा हात फडक्याला पुसत म्हणाले, "बरोबर आवळलेला आसा. असांदे."

आठवड्याने शटरला कुलूप दिसलं. शेजारचा पानवाला म्हणाला, "मुलगा आलेला टेम्पो घेऊन. काका पुढे बसून गेले."

सहा महिने झाले. गाडी पूल सरळ चढते, क्लच एकदाही घसरलेला नाही. तो घसरावा म्हणून वाट पाहणारा लालबागेत मी एकटाच असेन.